एकशेसतरा-ब

अजिंठ्याला निघालेले जपानी प्रवासी भुसावळला उतरले
आणि सीटखाली एक मासिक राहून गेलं.
डबे झाडणाऱ्या नामदार तडवीनं ते झटकलं,
टाकलं नाही.

आत एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा.
रेघा जिथे छेदतात तिथे काळे-पांढरे ठिपके,
ठिपक्यांच्या पोटात आकडे.
आकडे तेवढे वाचता येत होते.
बाकी लिपी म्हणजे चिमण्यांनी धूळ उकरलेली.
दोन माणसांचे फोटो: एक पंखा मिटून बसलेला,
दुसरा पटाकडे असा बघत होता
जसं गळकं छप्पर बघावं,
भांडं कुठे ठेवायचं ते ठरवत.

फर्दापूरचा गाईड कडुबा दोन कप चहावर सगळं सांगून गेला.
तिकडे म्हणे या खेळाचे किताब असतात.
एकाचं नाव राजाचं आसन,
एकाचं आभाळाचं मूळ, म्हणजे पटाचा मधला ठिपका, बस.
आणि जुनं मोठं नाव होनिन्बो,
ते तर देवळातल्या एका खोलीचं.
तिथे राहणारा साधू खेळायचा चांगला.

नामदार हसला. "मग आपली खोली काय वाईट, भो?"
रेल्वे क्वार्टर एकशेसतरा-ब.
तोच किताब. दरसाल मे महिन्यात. खेळाडू दोन.

काळे म्हणजे चिंचोके, त्याच्या बायकोनं भाजायला काढलेल्यांतले.
पांढरी शर्टाची बटणं, जामनेर रोडच्या टेलरकडची.
पट म्हणजे पेटाऱ्याची फळी,
केळीच्या वाघिणीचा वास तिचा शेवटपर्यंत गेला नाही.

मोठे सामने तिकडे दोन दिवस चालतात.
पहिल्या संध्याकाळी ज्याची पाळी, तो चाल खेळत नाही,
कागदावर लिहितो, पाकीट बंद करतो.
रात्रभर विचार करायचा फायदा कुणालाच नको.
मला हा नियम फार आवडला.
पार्सल क्लार्क मी, लाख माझ्याच खणात.

त्या वर्षी पारा सेहेचाळीसवर.
नामदारनं पाठ फिरवून लिहिलं,
मी पितळी शिक्का दाबला: भुसावळ पार्सल.
पाकीट शेजारच्या झोपेबाईंच्या डब्यात, कळण्याच्या पिठात.
पट मात्र माझ्या खाटेखाली.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो.
बॅटरीच्या उजेडात दिसलं,
उजव्या अंगाला मी फाटलेला, एकाच ठिपक्यावर,
आणि एक बटण
एक घर पलीकडे नुसतंच बसलेलं.
बोटानं सरकवलं.
आवाजही झाला नाही.
यार्डात एक मालगाडी बराच वेळ सांधे मोजत राहिली.

सकाळी लाख फुटली. कागदावर पीठ.
अकरा-सात.
अकरा-साताला माझं बटण.

नामदारनं पट पाहिला, कागद पाहिला.
चिंचोका बोटांत फिरवला, डब्यात टाकला.
"माह्याच हातून आकडा चुकला असीन, भो. तू जिंकला."

भिंतीवर कोळशानं साल लिहिलं, खाली माझं नाव.
आणि त्याला कुठला किताब द्यायचा?
आईबापांनीच नामदार ठेवलेला.

तो निवृत्त होऊन पालला गेला, सातपुड्यात.
मी गेलो नाही. एकेक मे जात राहिला.
गेलो ते परवा. रावेरहून एसटी, मांडीवर फळी.
त्याच्या ओट्यावर सगळी मांडणी केली, न चुकता;
आयुष्यात ही एकच मांडणी मला पाठ आहे.
बटण जुन्या जागी.
अकरा-साताला त्याचा चिंचोका मीच ठेवला.
एसटीत जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलंच नाही.

त्यानं चष्मा पुसला. शेळी हाकलली.
फळी हातभर सावलीत ओढली, काही न हलू देता.
"बरं," म्हणाला, "चाल तुही."

पावणेपाचची शेवटची गाडी वळणावर हॉर्न देऊन गेली.
बटण बोटांत आहे.
घामानं निसटतंय.